कॅमेऱ्याच्या उजवीकडे

लॉन्ड्रीच्या काउंटरवर चार आकाशी शर्ट होते आणि माझ्या पावतीवर तीनच.

"चौथा माझा," शेजारून कुणीतरी म्हणालं.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी विकत घेतलाय! कॉलरच्या आत एक टाका उसवलाय बघा."

मी एकेक कॉलर उलटून पाहिली. तिसऱ्या शर्टात सापडला टाका. तो त्याच्या हातात देताना मी सवयीनं बोलून गेलो, "दुसरं बटणही बदललेलं आहे. बाकीच्यांना चार भोकं, ह्याला दोन."

त्यानं शर्टाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्षं घालतोय हा. मला माहीत नव्हतं..." आणि हसला. आधी डोळे, मागाहून ओठ.

बाहेर भुरभुर पाऊस होता. तो शर्ट छातीशी धरून पळत रस्ता ओलांडून गेला, आणि मी तीनऐवजी दोनच शर्ट घेऊन घरी आलो. ज्याला सगळं लक्षात राहतं म्हणून पगार मिळतो, तो मी!

माझं काम कंटिन्युइटीचं. सिनेमातलं एक दृश्य तुकड्यातुकड्यांनी, कधी दोन-दोन दिवसांनी चित्रित होतं. पहिल्या तुकड्यात कप डाव्या हातात असला तर पुढच्यातही तो डाव्याच हातात हवा. हे सगळं वहीत टिपून ठेवणारा माणूस म्हणजे मी. सेटवर मला चित्रगुप्त म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सेटवर गेलो तर लॉन्ड्रीतला तोच माणूस भिंतीला टेकून, एका पायावर उभा राहून चहा पीत होता. ठरलेला नट ऐनवेळी पळाला होता आणि त्याच्या जागी हा आला होता. त्या एका पायामुळे दुपारपर्यंत त्याचं नाव बगळ्या पडलं.

"तुम्ही?" तो म्हणाला. "माझ्या बटणांवर पाळत ठेवायला इथवर आलात?"

"आता पगारी ठेवणार," मी म्हणालो. कान तापले होते. असलं बोलणं मला एरवी सुचत नाही हो.

सिनेमा बाईंचा होता. बाई म्हणजे आमच्या दिग्दर्शिका. वीस वर्षं शाळेत नाटक शिकवून त्यांनी हा पहिला सिनेमा काढायला घेतला होता, स्वतःच्याच तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. खिडक्यांना काळं कापड लावून आम्ही भरदुपारी रात्र करायचो. गोष्ट भयपटाची, पण भूतबीत नाही. एक पुरुष समोरच्या घरातल्या पुरुषाच्या प्रेमात पडतो, त्याचं उठणं-बसणं एका वहीत टिपत राहतो, आणि त्या प्रेमाचं हळूहळू वेड होतं. बगळ्या समोरच्या घरातला.

"मी हा रोल का घेतला, माहितीये?" एकदा जिन्यात त्यानं मला विचारलं. एव्हाना आम्ही अरे-तुरेवर आलो होतो. "पहिल्यांदाच कुणीतरी मला माझ्यासारख्याचा रोल दिला म्हणून."

'माझ्यासारखाही,' असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बाही दुमड. मागच्या शॉटला दुमडलेली होती."

मग त्यानं स्वतःच हात पुढे केला. "तूच दुमड ना. तुला घड्या पाठ आहेत."

मी दुमडली. तीन घड्या. तिसऱ्या घडीला माझं बोट त्याच्या कोपराला लागलं आणि आम्ही दोघंही उगाचच खालच्या मजल्याकडे बघत राहिलो.

रोज पॅकअपला तो विचारायचा, "काय चित्रगुप्त, आज माझी पापं किती?"

"दोन. एक म्हणजे कप चुकीच्या हातात धरलास."

"आणि दुसरं?"

"दुसरं... सांगण्यासारखं नाही."

"मग लिहून तरी ठेव."

लिहून ठेवत होतोच की. वहीच्या उजव्या पानावर काम: दृश्य, टेक, हात, बटण. डाव्या पानावर तो. हसताना आधी डोळे हसतात. घरून फोन आला की जिन्यात जातो आणि परत येताना तोंड धुतलेलं असतं. बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून लिहीत गेलो. लिहिण्याची सवय लागली आणि बोलायचं राहूनच गेलं.

मला पुरुष आवडतात हे घरात फक्त ताईला ठाऊक. तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं. "कोण रे तो?"

मी सांगितलं.

"मग घोडं अडलंय कुठं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? विचार त्याला."

"तो नाही म्हणाला तर?"

"तर नाही! मिठाची गुळणी धरून बसलास तर हो म्हणणारं माणूससुद्धा कंटाळून उठून जातं."

"विचारतो. शूटिंग संपू दे."

ती खरं बोलत होती, आणि मला ते तेव्हाही कळत होतं.

एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो मला वाचनालयाच्या पायऱ्यांवर दिसला. एकटाच. मी रस्त्याच्या ह्या बाजूला. हाक मारायची, बस्स. मी औषधाच्या दुकानाच्या आडोशाला तासभर उभा राहिलो आणि घरी येऊन डाव्या पानावर लिहिलं: 'रविवार. एकटाच होता. तीनदा घड्याळ बघितलं. त्याला मी दिसलो नाही.'

शूटिंगचा शेवटून दुसरा दिवस. दृश्य असं की बगळ्या वेड्या प्रियकराच्या टेबलाचा खण उघडतो, त्याला वही सापडते, आणि आपल्यावर इतके दिवस नजर होती हे त्याला कळतं. कलाविभागानं केलेली वही बाईंनी एका हातानं उडवून लावली.

"ही काय वर्षभर लिहिलेली वही वाटते? शाळेतला निबंध आहे हा! एकच शाई, एकच अक्षर." आणि त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या वहीवर गेली. चहाचे डाग, फुगलेली पानं, सुटत आलेला दोरा. "तुझी दे."

"बाई, कामाची आहे."

"अरे, पानं ओझरती दिसतील नुसती. वाचणार कोण?"

मी नाही म्हणू शकलो असतो. पाच मिनिटं मागून डावी पानं फाडू शकलो असतो. पण खरं सांगतो, त्यानं ती वाचावीत असंच मला वाटत होतं. जे तोंडानं सांगायची छाती नव्हती, ते परस्पर सांगून व्हावं... मी वही दिली.

"ॲक्शन."

त्यानं खण उघडला. वही काढली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्यावर त्याचा अंगठा थांबला. त्याचे डोळे ओळीवरून सरकताना मला दिसत होते. मी वाट बघत होतो, आधी डोळे हसतील म्हणून. त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्यानं सावकाश मान वर केली.

"कट! वा! काय दिलंस रे!" बाई ओरडल्या. टाळ्या पडल्या.

"बाई, सॉरी," कॅमेरामन म्हणाला, "शेवटी फोकस गेला. अजून एक लागेल."

"असू दे. जसंच्या तसं कर," बाई बगळ्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काय रे, मान वर केल्यावर तो कुठं बघत होता?"

मी सवयीनं मांडीवर वही चाचपली, ती त्याच्या हातात होती.

"सांग ना," बगळ्या म्हणाला. आवाज अगदी साधा. "मी कुठं बघत होतो?"

"कॅमेऱ्याच्या उजवीकडे."

"उजवीकडे काय होतं?"

"...मी."

"मग तू तिथून हलू नकोस," बाई म्हणाल्या. बापड्या बाईंच्या काही लक्षात आलं नव्हतं.

आणि त्यानं पुन्हा एकदा माझ्याकडे तसंच बघितलं. ह्या वेळी पान न वाचताही.

पॅकअपनंतर तो जिन्यात थांबला होता. वही त्यानं माझ्या हातात दिली नाही, पायरीवर ठेवली.

"तू आवडायचास मला," तो म्हणाला. "रोज पापं विचारत होतो ते काय उगाच? वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल..."

"मी शूटिंग संपल्यावर सांगणार होतो. आवडतोस तू मला. फार."

"किती उशिरा रे." तो कठड्याकडे बघत बोलत होता. "त्या रविवारी मी कंटाळलो होतो. एक मित्र येणार होता, आला नाही. तू हाक मारली असतीस ना, तर मला इतका आनंद झाला असता! चहा घेतला असता आपण. आणि तू तासभर लपून उभा होतास."

"मी काही वाईट लिहिलेलं नाही..."

"नाही. छान लिहिलंयस. पण मी जिन्यात रडायचो, तेही आहे त्यात. रडताना मला वाटायचं, मी एकटा आहे." त्यानं बाही खाली ओढली. "आता तू मागं असलास की मला वळून बघावंसं वाटतं. ते मनातून जाईल असं वाटत नाही."

मी माफी मागितली. त्यानं मान डोलावली आणि खाली उतरून गेला. माफी मिळाली होती. तो मात्र मिळणार नव्हता. ताईला सांगितलं तेव्हा ती नुसती पाठीवरून हात फिरवत बसली. मला मात्र एकच घोकत बसावंसं वाटत होतं: दैव देतं आणि कर्म नेतं.

सात महिन्यांनी सिनेमा एका छोट्या थिएटरात दाखवला. त्या शॉटला सगळ्यांनी श्वास रोखले. "काय भीती आहे त्याच्या डोळ्यांत! अभिनय वाटतच नाही," माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं.

सिनेमा सुटल्यावर मी दाराशी, दिव्याखाली उभा राहिलो, लांबूनही दिसेन असा. तो आला. बरोबर त्याची आई होती. म्हणजे त्यानं घरी स्वतःबद्दल सांगितलं होतं तर. मला फार बरं वाटलं, आणि ते त्याला सांगायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हेही आठवलं.

मला पाहून तो क्षणभर थबकला, पण आला.

"आई, हा आमचा चित्रगुप्त. शूटिंगमध्ये ह्याचं सगळ्यांकडे बारीक लक्ष असायचं."

"हो का?" त्या माझ्याकडे बघून मनापासून हसल्या. आधी डोळे, मग ओठ. "बरं झालं बाई. ह्याला ना, असंच कुणीतरी हवं, लक्ष ठेवणारं. धांदरट आहे नुसता."

त्यानं बाही खाली ओढली.

"येतो मी," एवढं म्हटलं आणि त्यांच्या आधी थिएटरचा जिना उतरलो. उतरताना पावलं मुद्दाम जोरात टाकली, म्हणजे मी पुढं गेलोय, मागं नाही, हे त्याला ऐकू यावं.