गुरुवारचं तेल

सिरगाक त्या दिवशी निघाला तो इंजिन बघायला. बघायला म्हणजे नुसतं बघायला; घ्यायचं की नाही, हे त्याचं त्यालाच अजून ठाऊक नव्हतं. त्याने तांबड्या घोडीवर खोगीर चढवलं, पोत्यात नट खोलायचे पाने आणि प्लग काढायची नळी टाकली आणि बाप उठायच्या आत फाटकाबाहेर पडला.

बापाचं तोंड बघायची त्याला इच्छा नव्हती. आजोबांची व्होल्गा मोटार ही अख्ख्या खोऱ्यात उरलेली एकच. कॉलेज सोडून आल्यापासून सिरगाक ती चालवून पोट भरत होता. नवरीची वरात असो, बाजाराची माणसं असोत, नाहीतर अडलेली बाई असो, सगळ्यांना तीच गाडी. थंडीत गाडी उभी केली की इंजिनातलं पाणी सोडून द्यायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण बापाने एका संध्याकाळी व्होडका ढोसून ती फिरवली, तशीच अंगणात आणून उभी केली आणि घोरत पडला. सकाळी पाण्याचा बर्फ झाला होता आणि इंजिनाचा ब्लॉक उभा चिरला होता. "नशीब," बाप म्हणाला. थोरल्यांचं बरं असतं. त्यांच्या हातून फुटलं की नशीब, पोराच्या हातून फुटलं की निष्काळजीपणा.

मग घरात ठरलं, म्हणजे बापाने ठरवलं, की सिरगाकने मॉस्कोला जायचं. चुलतभाऊ कुबान तिथे परांचीवर चढून भिंती रंगवत होता. तिकीटही काढून झालं. "प्रत्येक घरातनं एक जातोच," बाप म्हणाला. "आपल्यातनं कोण जाणार? मी?"

दुसरं इंजिन मिळालं तरच हे टळणार होतं. आणि बदल्यात द्यायला सिरगाकपाशी एकच वस्तू होती: ही घोडी, तीही गाभण. इंजिन कुचकामी निघालं, तर घोडी गेली आणि मॉस्कोही चुकलं नाही.

वरच्या गावात इसाबेक दारातच उभा होता. पोटावर हात बांधून, जणू इंजिन नाही, मुलगी दाखवायची आहे.

"ये पोरा, ये. आधी चहा घे."

"आधी इंजिन बघतो, बाइके," सिरगाक म्हणाला. थोरल्या पुरुषाला तिकडे बाइके म्हणायचं, थोरल्या बाईला एजे.

"बघा! शहरात राहून आलं की वडीलधाऱ्यांचा चहाही नको. कॉलेज तर धड पुरं केलं नाहीस म्हणे?"

"नाही केलं. तिथेही शिकवणारे सगळे तुमच्याच वयाचे होते."

इसाबेक हसला, पण नुसत्या दातांनी.

मेंढ्यांच्या गोठ्यात, मागच्या भिंतीशी, लाकडी ओंडक्यांवर ते ठेवलेलं होतं. वरचं नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं कांबळं इसाबेकने काठीनेच बाजूला केलं. हात लावला नाही. मेंढ्यांच्या मुताचा, जुन्या वंगणाचा आणि गंजाचा वास एकदम नाकात घुसला.

"तुरारचं. माझ्या धाकट्या भावाचं. हँडल मारलं की बोलायचं, बघ."

"मग मारा."

इसाबेकने हात खिशात घातले.

तुरारची गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना माहीत होती. त्याने हे इंजिन आपल्या व्होल्गातून उतरवलं, वंगण चोपडलं, कांबळ्यात गुंडाळलं आणि तो मॉस्कोला गेला. दोन हिवाळे काम करतो, येतो, पिस्टनला नव्या रिंगा घालतो, म्हणाला. तो परांचीवरून पडला. प्रेत घरी आणायला भावांनी वर्गणी काढायची होती. ती काढता काढता त्याला तिकडेच पुरून झालं. गाडीचा सांगाडा मात्र भावांनी आठवड्याभरात भंगारात घातला. त्याला वर्गणी लागली नाही.

सिरगाकने हँडल बसवलं आणि अंगातलं सगळं बळ लावलं. ते केसभरही हललं नाही. प्लग काढून आत डोकावला, तर काळोख आणि गंज.

"जाम झालंय."

"थंडीने आखडलंय. माणूस नाही का आखडत?"

"आत काहीतरी ओतून बघायला हवं. थोडं डिझेल द्या."

"डिझेल कुठलं बाबा या घरात," इसाबेक म्हणाला. डिझेलचा डबा त्याच्या मागेच होता. तो सरकून डबा झाकून उभा राहिला.

तेवढ्यात दारात एक बाई आली. तुरारची बायको, झूरा. नवरा गेल्यापासून दिराच्या घरी राबत होती. फडक्याने धरलेली लहानशी कढई तिच्या हातात होती आणि कढईतून वाफ निघत होती.

"हे ओत," ती सिरगाकला म्हणाली.

"काय आहे ते?" इसाबेकने विचारलं.

"पाहुण्याला कणकेचे बोरसोक तळले. त्यातलं उरलेलं तेल."

"आज? आज वार कुठला?"

"गुरुवार."

इसाबेकचा चेहरा उतरला.

गुरुवारी तेल तापवून मेलेल्या माणसासाठी वास सोडायचा, हे त्या मुलखात घरोघर चालतं. मेलेल्याला घास गिळता येत नाही. तो वासावर जगतो. नाव घ्यायचं, तळायचं आणि ओंजळ तोंडावरून फिरवायची. गरिबातलं गरीब घरही हे चुकवत नाही.

"तो इथल्या मातीत आहे का?" इसाबेक खेकसला, पण आवाज बसलेला होता. "वास पोचणार कुठे? तुला सांगितलं होतं ना... या घरात गुरुवारी तेल तापवायचं नाही म्हणून!"

"पहिल्या वर्षी एकदाच तापवलं होतं," झूरा सिरगाकला म्हणाली. "तेव्हापासून बंद केलंय यांनी."

"का?"

ती वळली. इंजिनाकडे बघत राहिली. इसाबेक गोठ्याबाहेर पडला तो उलट्या पावलांनी. इंजिनाकडे त्याने पाठ केली नाही.

सिरगाकने प्लगच्या चारही भोकांत तेल सोडलं. आत चर्र झालं. धुराची एक सावकाश रेघ वर आली आणि तळलेल्या कणकेचा तो वास गोठ्याभर पसरला. बाहेर डोंगरावरून धुकं उतरलं होतं. भरदुपारी दार राखाडी झालं. मेंढ्या एकेक करत उठल्या आणि समोरच्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. एकही ओरडली नाही.

"आता?" झूराने हळूच विचारलं.

"मुरू दे जरा. मग दम बघायचा. त्याला दोन माणसं लागतात, एजे. एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने भोकावर अंगठा दाबून धरायचा. अंगठा उडाला तर इंजिनात जीव आहे. तुम्ही फिरवाल?"

"मी नाही."

"मग बाइकेंना बोलावतो..."

"नको. तू अंगठा धर फक्त."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्याने वाद घातला नाही. वाकला. पहिल्या भोकावर अंगठा ठेवला. तेल अजून ऊन होतं.

हँडल हललं.

आधी इतकं थोडं, की आपलाच धक्का लागला असं त्याला वाटलं. मग आत कुठेतरी गंज करकरत सुटला. हँडल वर आलं, पलीकडे गेलं, खाली आलं. फिरवणारा दिसत नव्हता. पण फिरवण्यात हात होता. सवयीचा, सावकाश, बिघडू न देणारा. अंगठ्याखाली हवा दाटली आणि फट् करून अंगठा उडाला.

हँडल थांबलं.

ते वाट बघत होतं. सिरगाकच्या पाठीवरून घाम ओघळला. पळावं असं पायांना वाटत होतं, आणि अंगठा आपसूक दुसऱ्या भोकावर गेला. हँडल पुन्हा फिरलं. फट्. पुन्हा थांबलं. तिसऱ्यालाही तसंच.

चौथ्या भोकाने अंगठा उडवला नाही. आत ओढून घेतला. इंजिनाच्या कामात न बसणारं ते ओढणं होतं... ओलं, ऊन. अंगठ्याला दात लागले. चावले नाहीत. तळहातावरचा भाकरीचा तुकडा घोडी जशी जपून उचलते, तसे.

"एजे..."

"भुकेला आहे," झूरा म्हणाली. ती रडत नव्हती. ताटावर बसलेल्या माणसाकडे बघावं, तशी बघत होती.

"तुरार बाइके," सिरगाक इंजिनाला म्हणाला, "नेतो मी हे. माझ्या घरी... दर गुरुवारी तेल तापेल. तुमच्या नावानं. शब्द देतो."

अंगठा सुटला.

तो कितीतरी वेळ तिथेच बसून राहिला. भीती होतीच. पण भीतीच्या खाली दुसरंच काही भरून येत होतं. जन्मात कुणा थोरल्याने त्याच्या कामाला हात लावला नव्हता. उपदेश सगळ्यांनी दिला. हँडल मारायला हा एकटा आला, आणि तोही तिकडून, उपाशीपोटी.

"उपकार झाले, बाइके," तो म्हणाला. कुणा वडीलधाऱ्याला मनापासून असं म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ.

घोडीचा दोर हातात येताच इसाबेक घासाघीस न करता घरात शिरला. शेजाऱ्याच्या ट्रकवर इंजिन चढलं. झूराने बोरसोकचं ऊन गाठोडं सिरगाकच्या मांडीवर ठेवलं आणि इंजिनावरचं कांबळं नीट सारखं केलं, झोपलेल्यावर करतात तसं.

पुढच्या गुरुवारी व्होल्गा अंगणात धडधडत होती. नव्या रिंगा बसल्या, बाकी इंजिन निरोगी निघालं. बापाने दोनदा भोवती फेरी मारली; त्याच्याकडून तेवढंही खूप होतं. मॉस्कोच्या तिकिटाची तारीख मधल्या दिवसांत उलटून गेली होती. आईने कढई चढवली. सिरगाकने तुरारचं नाव घेतलं, ओंजळ तोंडावरून फिरवली. वास अंगणभर फिरला, गाडीभोवती घुटमळला आणि वाऱ्याबरोबर खिंडीकडे गेला. आपलं घर, आपला रस्ता, चार पैशांचं का होईना आपलं काम. आपण राहिलो, एवढंच त्याच्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

रविवारी बाजारात माणसं उतरवल्यावर त्याला आठवलं: कुबानला कळवायचंच राहिलं. इंजिन चालू ठेवूनच त्याने फोन लावला.

"कुबान, मी सिरगाक. अरे, मी येत नाहीये. इंजिन मिळालं. तू वाट बघत असशील म्हणून..."

"प्यायलास का सकाळी सकाळी?" कुबान हसला. "आणि फोन कुणाचा घेतलास? आत्ता तर इथे पडला होतास."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तिकिटाच्या तारखेला आलास की! मफलर काढत नाहीस, बोलत नाहीस. आम्ही म्हटलं, घरची आठवण येत असेल. कामाला मात्र वाघ. परांचीवर सगळ्यात वर..."

"कुबान. मी घरी आहे. बाजारात. हा आवाज ऐक, गाडीचा आवाज आहे."

 मग कुबान बोलला तो कुजबुजत.

"कपड्यांना बोरसोकचा वास येतो रे त्याच्या. गुरुवारी रात्री तर आमचं राहायचं सगळं तळघर भरून गेलं... पोरं रडली त्या वासाने..."

"कुबान, तो आता कुठे आहे?"

"इथेच. भिंतीकडे तोंड करून पडलाय... थांब. उठला." कुबानचा श्वास फोनवर आपटला. "सिरगाक... तो हात पुढे करतोय. फोन मागतोय... देऊ?"