वजनाचा नियम

प्रयोगशाळेच्या दारात ती वळली आणि समोरून येणाऱ्यावर धडकली. त्याच्या खांद्यावरचा, चाचणीसाठी वाळू भरलेला कापडी पुतळा धप्पकन पडला, फाटला, आणि तिच्या चपला वाळूत बुडाल्या.

“माझा पेशंट मारलात तुम्ही!” तो म्हणाला. डोळ्यांत हसू मात्र मावत नव्हतं.

तो यंत्रांचा इंजिनिअर. अंथरुणाला खिळलेल्यांना उचलून खुर्चीत बसवणारा यांत्रिक हात त्यानं बनवला होता. हात कसा हलवायचा हे एआय ठरवायचं. ते कुणाला कधीच पाडणार नाही, हे गणितानं सिद्ध करायला तिला बोलावलं होतं.

“हजार वेळा उचललंय त्यानं. एकदाही पाडलं नाही.”

“आणि हजार एकाव्या वेळी?”

त्यानं डोकं खाजवलं. इतक्या गोड आवाजात त्याची चूक कुणी दाखवली नव्हती...

पहिली पेशंट तिची आत्याच होती. आईमागे तिला वाढवणारी, आता तीन वर्षं छताकडे बघत पडलेली.

सिद्धता तीन आठवडे अडली. एआय काय काय ठरवू शकेल याला अंतच नव्हता. ती रडकुंडीला आली. एका दुपारी चहाचा कप पुढे सरकवत तो म्हणाला, “एआयच्या मनात काहीही येऊ दे हो. हाताला वजन आहे — आणि वजन नियम मोडत नाही. ठरावीक वेगाच्या आत असला, तर ब्रेक लावल्यावर तो थांबतोच.”

ती बघतच राहिली. “म्हणजे... एआय आणि हाताच्या मध्ये एक छोटा प्रोग्राम पहारेकरी म्हणून बसवायचा! ज्यानंतर थांबता येणार नाही, ती आज्ञा त्यानं अडवायची. मग सिद्धता फक्त पहारेकऱ्याची करायची!”

“मी एवढं हुशार बोललो?”

“चुकून,” ती हसली.

त्यानंतर चौथ्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर शब्द उमटला : सिद्ध. ती किंचाळली, त्याच्या गळ्यातच पडली... आणि भानावर येताच कानापर्यंत लाल झाली.

पुढच्याच आठवड्यात, आत्याला पहिल्यांदा उचलताना एआयनं मध्येच जोराच्या झटक्याची आज्ञा दिली. पहारेकऱ्यानं ती अडवली. हात क्षणभर थबकला, मग आत्याला अलगद खिडकीशी बसवून मोकळा झाला.

“बाई गं! समोरचं झाड केवढं वाढलंय!” आत्या म्हणाली.

भाचीचे डोळे वाहू लागले. शेजारी तो पुटपुटला, “एक सांगू? तुम्ही समोर नसलात की... दिवस जात नाही माझा. पुरावा मागू नका.”

ती नुसती डोळे पुसत राहिली.

“अगं, हो म्हण की!” आत्या ओरडली. “का आता मीच उठून येऊ?”

“हो,” ती हसत, रडत म्हणाली. “पण आधी ते ‘तुम्ही’ बंद कर बघू!”