जोत्याचे चौदा चिरे

बोट उलटली तेव्हा खाडीत वारा नव्हता. लाटेचं तर नाव नव्हतं. पाणी इतकं निवांत होतं की बगळ्यांना त्यात आपली तोंडं दिसत असावीत. बोटीला भोक पडलं नव्हतं, सांधा उकलला नव्हता, कुणी धक्काही दिला नव्हता. नारळ फुटला, हळदकुंकू वाहून झालं, दोर सोडले. बोट पाण्यावर क्षणभर उभी राहिली आणि मग चिखलात बसणाऱ्या म्हशीसारखी सावकाश डाव्या कुशीवर आडवी झाली. शिडाची काठी पाण्यात, कूस आभाळाकडे.

"बुडली नाय, फुटली नाय," अकरा वर्षांची कस्तुरी गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "मगे आडवी कित्याक पडली?"

काठावर काजरखार गावची उरलीसुरली सतरा घरं जमली होती. शेजारच्या सुलभाकाकी पुटपुटल्या, "नाकापेक्षा मोती जड, दुसरा काय?" कस्तुरीला त्यांचा भयंकर राग आला. काकी किती बरोबर बोलल्या होत्या हे तिला दुसऱ्याच दिवशी कळायचं होतं.

ही गोष्ट आहे सन २०७४ ची. समुद्र तोवर इतका चढला होता की दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला (म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीला) काजरखारच्या चुलींत खारं पाणी शिरे. हे असं होणार हे कस्तुरीच्या आजोबांनी फार आधी सांगितलं होतं. भास्कर कुबल हे समुद्राची पातळी मोजणारे शास्त्रज्ञ. एकतीस वर्षं त्यांनी भरती-ओहोटी मोजली आणि गाव सोडावं लागेल असा अहवाल लिहिला. त्याबद्दल गावाने त्यांना काय दिलं? अबोला! जणू पाणी त्यांनीच सोडलं होतं.

कस्तुरीची आई बाहेरच्या समुद्रात शेवाळाच्या तरंगत्या शेतावर काम करायची. तिथे राहायचं तर स्वतःची, राहण्याजोगी, शिडाची बोट हवी असा नियम होता. तयार बोट घेण्याची कुबलांची ऐपत नव्हती. म्हणून दोन वर्षांपूर्वी आजोबांनी स्वतःचं घर उतरवलं आणि घरच्या अंगणात बोट बांधायला घेतली.

लांबी बावीस फूट. प्लायवूडच्या फळ्या कागदाच्या होडीसारख्या आकारात कापायच्या, कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना टाचायच्या, मग सांध्यांवर कापड ठेवून राळ (घट्ट होणारा चिकट द्रव) चोपडायची. राळ वाळली की सांधा फळीपेक्षा मजबूत होतो. आतल्या फासळ्या घराच्या वाशांच्या. शिडाची काठी सुरूच्या खोडाची. शीड जुन्या ताडपत्र्यांचं, आईने हाताने शिवलेलं. मदतीला रंधा नावाचा एकहाती यंत्रमानव होता, एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यातून भंगाराच्या भावात आणलेला. कपाटं बनवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. बोट मात्र त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

आणि आता ती आडवी पडली होती. बंदर खात्याच्या तपासनीस बाई शनिवारी येणार होत्या. बोट त्यांच्या परीक्षेत उतरली तर आई, आजोबा आणि कस्तुरी तिघं बोटीवर एकत्र राहणार होते. नापास झाली तर आई शेवाळाच्या शेतावर मजुरांच्या तराफ्यावर, आजोबा देशावरच्या वृद्धाश्रमात आणि कस्तुरी तिथल्या वसतिगृहात. दोघांना न्यायला ट्रक रविवारी यायचा होता. आज बुधवार.

ओहोटीला बोट ओढून चिखलात सरळ केली, बादल्यांनी पाणी उपसलं. तेवढं झाल्यावर आजोबा उतरवलेल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसले. घर गेलं होतं, पण जोतं, म्हणजे घर ज्यावर उभं असतं तो जांभ्याच्या घडीव चिऱ्यांचा चौथरा, शाबूत होतं. त्यावर ताडपत्री बांधून तिघं दोन वर्षं राहत होती. आजोबा जेवले नाहीत. गुरुवारीही उठले नाहीत.

आई म्हणाली, "कस्तुरे, कपडे भरून ठेव हां तुझे." आणि तोंड फिरवून ती शिडाच्या घड्या घालायला लागली. त्या घड्या तिने तीनदा उलगडल्या आणि तीनदा घातल्या.

कस्तुरीने कपडे भरले नाहीत. ती रंध्याकडे गेली.

"रंध्या, बोट कित्याक पडली?"

"मला बोटींची माहिती नाही," रंधा म्हणाला. "कपाट पडलं असतं तर मी म्हटलं असतं, वरच्या खणात जड सामान आहे. कपाट मी भिंतीला ठोकलं असतं. समुद्रात भिंत नाही."

कस्तुरी उठली आणि एक करवंटी, नारळाच्या झावळीचा एक हीर आणि चिखलाचा गोळा घेऊन बादलीपाशी बसली. करवंटीच्या तळाशी थोडा चिखल थापून त्यात हीर उभा रोवला. ही झाली बोट. मग चिखलाचा मोठा गोळा हिराच्या शेंड्याला लावला आणि करवंटी पाण्यात सोडली. करवंटी तत्काळ आडवी. तोच गोळा काढून तिने करवंटीच्या तळाशी थापला. आता बोटाने ढकललं तरी करवंटी डुलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. वजन तेवढंच, करवंटी तीच.

तिने बादली उचलून आजोबांपुढे नेऊन ठेवली आणि दोन्ही प्रकार करून दाखवले. आजोबा पुढे वाकले.

"ह्या असा कित्याक होता ता तुमका म्हायत आसा," कस्तुरी म्हणाली. "माका सांगा."

शास्त्रज्ञाला काही समजावून सांगायला लावलं तर तो मरणाच्या दारातूनही परत येतो म्हणतात. आजोबांनी करवंटी हातात घेतली.

"बोटीवर दोन जोर काम करतत. एक खाली ओढणारो, बोटीचा वजन. ह्या सगळा वजन जणू एका ठिकाणी गोळा झाला असा धरलं, की त्या ठिकाणाक म्हणूचा गुरुत्वमध्य. दुसरो जोर पाण्याचो, वर ढकलणारो. बोटीचो जेवढो भाग पाण्यात बुडालेलो असता, त्याच्या मध्यातून पाणी वर ढकलता. तो तरणमध्य. सरळ बोटीत हे दोन एकाखाली एक असतत. भांडण नाय. आता कलव ती."

कस्तुरीने करवंटी कलवली.

"खयची बाजू जास्त बुडली?"

"कललेली."

"म्हणजे बुडालेल्या भागाचो मध्य खय सरकलो?"

"कललेल्या बाजूक!" कस्तुरी ओरडली. "म्हणजे पाणी थयसून वर ढकलता. त्या बाजूक वर उचलता!"

"आणि वजन मधोमध खाली ओढता. दोघे मिळान बोट सरळ करतत. पण वजन खूप वर असला तर?"

कस्तुरीने पुन्हा गोळा शेंड्याला लावला आणि करवंटी अगदी हळू कलवली. गोळा करवंटीच्या काठाबाहेर गेला.

"वजनच कललेल्या बाजूक पुढे धावता. तरणमध्याच्या पण पलीकडे. मगे ता बोटीक आडवीच करतला."

"शाबास," आजोबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा शाबासकी देणाऱ्याचा नव्हता.

कस्तुरीने बोटीकडे पाहिलं. बोटीच्या खोलीच्या छपरावर, अगदी वर, घराचं फणसाचं आढं बसवलेलं होतं. आढं म्हणजे छपराच्या टोकाचा आडवा वासा. घर बांधताना त्याची पूजा होते. ते ओलांडायचं नाही, त्याला पाय लावायचा नाही, त्याची जागा सगळ्यांत वर.

"रंध्या, आढ्याचा वजन किती?"

"एकशे दहा किलो. तळापासून उंची दोन मीटर," रंधा म्हणाला.

"आणि तळात किती?"

"तळात काहीही नाही."

कस्तुरीने आजोबांकडे पाहिलं. एकतीस वर्षं समुद्र मोजलेल्या माणसाला हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं.

"माझा गणित बरोबर होता," आजोबा हळूच म्हणाले. "साडेचारशे किलो नीरम होया होता." (नीरम म्हणजे बोट स्थिर राहावी म्हणून तळाशी ठेवलेलं वजन.) "शिसा घेवक पैसे नव्हते. दगड चलले असते. पण दगड हे." त्यांनी बसल्या जागी हात टेकला. "ह्या काय मी काढूक शकलंय नाय. घर उतरवला तरी जोता असता तोपर्यंत घर असता. कधी पाणी उतरला, तर तू परत येऊन हयच भिंती उभ्या करशीत असा वाटत होता. म्हणून मी मनाक सांगितलंय, पिण्याच्या पाण्याची पिंपां चढली की तेवढा वजन पुरे जातला. आणि आढा तरी मी खाली कसा ठेवू? माझ्या बापाशीन पुजलेला."

"पाणी उतरतला?" कस्तुरीने विचारलं. "तुमच्या गणितात?"

आजोबांना खोटं बोलता येत नसे. तेवढ्यासाठीच तर गावाने अबोला धरला होता.

"नाय," ते म्हणाले. "तुझ्या जल्मात नाय. तुझ्या नातवांच्या पण नाय."

आणि ते रडायला लागले. कस्तुरीने आजोबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. साऱ्या गावाला कटू सत्य सांगणारा माणूस, पण ते एकच सत्य त्याने स्वतःला सांगितलं नव्हतं. कळतं पण वळत नाही ते असं, आणि शहाण्या माणसांचं तर फारच.

आईने घडी घातलेलं शीड खाली ठेवलं. कोपऱ्यातली पहार उचलली आणि ती सासऱ्यांपुढे धरली. "मामांनू, पयलो चिरो तुमीच काढा," ती म्हणाली. "आमका जमाचा नाय."

आजोबांनी जोत्याला हात लावून नमस्कार केला आणि पहार घातली.

एकेक चिरा बत्तीस किलोचा. रंध्याने हिशोब केला, चौदा चिरे लागतील. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ते बोटीच्या तळाशी, फासळ्यांच्या मध्ये गच्च बसवले. नुसते ठेवून भागत नाही, कारण बोट कलली आणि दगड घरंगळले तर तेही कललेल्या बाजूलाच धावणार. म्हणून त्यांना वरून दाबून धरायला आडवं लाकूड हवं होतं. आजोबांनी छपरावरचं आढं सोडवलं, त्याचे दोन तुकडे केले आणि चिऱ्यांवर आडवे ठोकले. वर फळ्यांची जमीन आली. एकशे दहा किलो वरून खाली आले. त्यानंतर बोटीत पाऊल टाकताना आजोबा चपला काढून हातात घेत.

शनिवारी तपासनीस बाई आल्या. कोरड्या बाई होत्या, हसणं त्यांच्या नेमणूकपत्रात नसावं. त्यांनी काठीच्या शेंड्याला दोर बांधला आणि दोन माणसांना बोट बाजूला ओढायला लावलं. बोटीचा काठ पाण्याला टेकला. कस्तुरीने डोळे मिटून घेतले.

"सोडा," बाई म्हणाल्या.

पाण्याचा मोठा आवाज झाला. कस्तुरीने डोळे उघडले, तर बोट उजवीकडे गेली होती. मग डावीकडे गेली. मग थोडीच उजवीकडे. आणि उभी राहिली. आईने कस्तुरीचा खांदा दुखेपर्यंत दाबला.

"नीरम कशाचं आहे?" बाईंनी वहीतून डोकं न काढता विचारलं.

"घराचा," आजोबा म्हणाले.

बाईंनी मान वर केली, जोत्यातल्या खड्ड्याकडे पाहिलं आणि काही न लिहिता शिक्का मारला.

दुपारी भरतीबरोबर निघायचं ठरलं. कस्तुरी शेवटची बादली घ्यायला काठावर उतरली. जोत्यातून चिरे काढले होते तिथे चौकोनी खळगा होता आणि भरतीचं पाणी त्यात शिरायला लागलं होतं. तिला वाटलं होतं, बोट पास झाली की आनंद होईल. झाला, पण जेमतेम मुठीत मावेल इतका. बाकी सगळं त्या खळग्यात भरणाऱ्या पाण्यासारखं गढूळ होतं.

"कस्तुरे."

सुलभाकाकी उभ्या होत्या. त्यांच्या मागे खोत गुरुजी आणि आणखी दोन घरची माणसं. एकाच्याही तोंडावर अबोला नव्हता.

"आमच्या घराच्या वाशांची पण होयत काय गो बोट?" काकींनी विचारलं. "आमी चौघां आसंव. आणि," त्या अडखळल्या, "जोत्याचे किती चिरे लागतीत?"

कस्तुरीने पलीकडे पाहिलं. काकींचं जोतं रोज पहाटे सारवलेलं असायचं, आजही होतं. तिला ते मोजायचं नव्हतं. भरती पूर्ण चढायला अजून तासभर होता. तिने बादली खाली ठेवली, रंध्याला हाक मारली आणि काकींच्या अंगणात शिरून पहिल्या चिऱ्यावर हात ठेवला.

"आधी आढ्यापासून सुरू करूया, काकी," ती म्हणाली. "ता खाली जातला."