मुंगीचा वाफा

"पाहुणे येणार म्हटलं की लॉनची हजामत लगेच होते. माळी रजेवर असला तरी होते! आणि माझ्या डोक्यावरचा पंखा? तो मेला उन्हाळाभर नुसता बघतोय माझ्याकडे."

कृषी महाविद्यालयाचा कारकून चहाचा कप ठेवता ठेवता परीक्षकबाईंच्या कानाशी पुटपुटला. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि समोर पाहिलं. लॉन खरोखरच देखणं होतं. गवत हिरवंगार, ताठ. त्यात मधूनमधून उगवलेलं रुंद पानांचं तण मात्र माना पिळवटून आडवं पडलेलं.

तेवढ्यात मागच्या शेतातून किंकाळी आली.

"उपटू नका! हात लावू नका माझ्या झाडांना!"

बाईंनी चहा तसाच ठेवला. गुडघ्यांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि निघाल्या.

शिष्यवृत्ती एकच होती आणि दावेदार दोन. दोघांनी एकेका वाफ्यात टोमॅटो वाढवायचे. ज्याचं पीक सरस, त्याचं पीकशास्त्राचं पुढचं शिक्षण समिती करणार. एक दावेदार लंबू. दारातून जाताना वाकायची सवय असलेला, अबोल. दुसरी मुंगी, दिवसभर तुरुतुरु राबणारी म्हणून मुंगी. हिला शिष्यवृत्ती मिळाली नाही तर वडिलांच्या शिवणाच्या दुकानात बसून काजं करायची, हे घरात ठरलेलं होतं.

विभागप्रमुख तिचे सख्खे मामा. कॉलेजात तिने त्यांना 'सर' म्हणायचं, हा त्यांचाच नियम. भाचीचा निकाल मामाच्या हाती नको, म्हणून तर समितीने बाहेरून बाई पाठवल्या होत्या.

मुंगीच्या वाफ्याशी विभागप्रमुख स्वतः उभे होते. दोन मजूर झाडं उपटायच्या तयारीत.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी परीक्षक. मी बघायच्या आत पीक कुठे चाललं?"

"जाळायला. विषाणूजन्य रोग आहे, मॅडम. पसरेल."

"पान तपासायला पाठवलं?"

"गरज नाही. मला दिसतंय ना!"

"मला अजून दिसायचंय," बाई म्हणाल्या आणि कण्हत खाली बसल्या.

शेंड्याची पानं वळून वाटीसारखी झाली होती. खोडं पिळलेल्या फडक्यासारखी. पण खालची पानं निरोगी, गुबगुबीत. नळाकडच्या ओळींची दशा झालेली, मधल्या त्यामानाने बऱ्या, आणि पलीकडच्या कुंपणाजवळच्या ओळींना नुसता स्पर्श झालेला.

प्राचार्य धापा टाकत आले. त्यांना प्रत्येक भानगड जेवणाआधी मिटलेली लागे. "रोगबिग काही नाही. सोमवारी संध्याकाळी लंबूला इथे पाहिलंय लोकांनी. त्याचं नाव कापतो, विषय संपला!"

बाईंनी सगळ्यांना अवजारांच्या खोलीत बोलावलं. दारावर लाल रंगात, विभागप्रमुखांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'पंप तीनदा धुवा. न धुणारा नापास.' भिंतीवर दोन फवारणी पंप. एकावर लंबूचं नाव, एकावर मुंगीचं.

"सोमवारी तिच्या वाफ्यात काय करत होतास?" बाईंनी लंबूला विचारलं.

"एक काठी आडवी झाली होती. झाड मोडलं असतं. सरळ केली."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? सरांची भाची आहे ती. माझं कोण ऐकणार?"

"झाडं कशी होती तेव्हा?"

"शेंडे जरा वाकल्यासारखे वाटले. मला वाटलं, उन्हाने."

बाई मुंगीकडे वळल्या. "तू शेवटची फवारणी कधी केलीस?"

"सोमवारी सकाळी. अन्नद्रव्यांची."

"सुरुवात कुठून?"

"नळाकडून. पंप भरायला सोपं पडतं."

"वाफ्याला किती पंप भरून लागतात?"

"तीन."

"पंप कसा ठेवतेस?"

"धुऊन, उलटा टांगून."

"सोमवारी उलटाच होता?"

मुंगीने पंपावरची नजर काढून घेतली.

"कोणाला वापरायला दिला होता?"

"आठवत नाही."

"अगं, त्या वाफ्यातल्या एकेका झाडाचं तू बारसं केलंयस म्हणे. आणि हे आठवत नाही?"

मुंगीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले. कारकून छताकडे. तिथे तर पंखाही नव्हता.

बाईंचा संयम सुटला. "कधीची विचारतेय! एकाला आठवत नाही, एकाला गरज वाटत नाही, एकाला जेवायचंय. बरं, मग मीच सांगते.

हा रोग नाही. विषाणू पांढऱ्या माशीबरोबर येतो, इथे एक झाड, तिथे एक झाड असा पसरतो. तो ओळ धरून चालत नाही. आणि खालची पानं धडधाकट आहेत, म्हणजे जे झालं ते एकदाच, अचानक झालं. हे तणनाशक आहे. गवताला सोडून रुंद पानांना पिळणारं. तुमच्या लॉनवर तेच तण तस्संच पिळवटलंय, चहा पिता पिता पाहिलं मी.

लंबूने केलं म्हणाल, तर सूड घेणारा सगळा वाफा सारखा जाळेल. इथे नळाकडून कुंपणाकडे टप्प्याटप्प्याने कमी होत गेलंय. पहिल्या पंपात विष जास्त, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात जेमतेम. म्हणजे ते आधीपासून पंपातच उरलेलं होतं. या पोरीने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पिकावर मारलं, बिचारीने."

मुंगीच्या गळ्यातून बारीक आवाज निघाला.

"माळी रजेवर. तरी सोमवारच्या आधी कोणीतरी तिचा पंप नेऊन लॉन फवारलं, आणि न धुता आणून ठेवला. चूक आहे, पाप नाही. पण नंतर त्याच माणसाला वाफा जाळायची घाई झाली, आणि या पोरावर आळ येताना तो गप्प बसला. ते मात्र मला झेपत नाही."

प्राचार्यांना अचानक भूक नव्हती.

"आता नीट ऐका," बाई हळू झाल्या. "अपघाताने नुकसान झालं तर त्याआधीच्या वाढीवर गुण द्यायला समितीची मुभा आहे. खालची पानं मला पुरेशी बोलकी आहेत. दोघांची तुलना मी प्रामाणिकपणे करीन. पण त्याला साक्ष लागते. नुसता माझा तर्क चालत नाही. कोणी नेला पंप?"

विभागप्रमुखांनी घसा खाकरला. वाटलं, बोलतील. "असे पंप सगळेच वापरतात," ते म्हणाले.

लंबू दाराकडे निघाला. सवयीने वाकला. आज जरा जास्तच वाकला, आणि ते मुंगीला बघवलं नाही.

"थांब रे," ती म्हणाली. मग खिडकीकडे वळली. "मला पंप सुलटा दिसला होता. तळाशी ओलं होतं. तरी मी धुतला नाही. म्हटलं, दारावर ज्याने लिहिलंय, त्याने धुतलाच असणार."

"मुंगे, इथे सर म्हणायचं—"

"मामा, पंप तुम्ही नेला होता."