गार कपाळ

वाऱ्याने आकानेसीच्या हातातले कागद उडवले आणि नेइआफू बंदराच्या धक्क्यावरचे सगळे हसले. धावला तो एकटा सेमिसी. तो तिथे बोटींवर सामान चढवायचा. त्याची बायको वारून सात महिने झाले होते.

"तुमचाच ना हा?" ओला कागद वाचत तो म्हणाला. "'चौथ्या वर्षी मूल खोटं बोलू लागलं, तर बुद्धी वाढते आहे असं समजावं.' मग आमचं गाव विद्वानांचं आहे, बाई!"

आकानेसीला हसू आवरेना. लहान मुलांचं मन कसं वाढतं ते शिकून ती राजधानीतून आली होती... तीन आठवडे, शाळेत जाण्याआधीच्या मुलांना प्रश्न विचारायला. सेमिसी रोज काहीतरी निमित्त काढून यायचा. कधी भाजलेला नीरफणस घेऊन, कधी नुसताच. तो दारात दिसला की तिचं पेन थांबायचं. पण बायकोबद्दल तो असं बोलायचा, जणू ती चार दिवस माहेरी गेली आहे. मग आकानेसी मुकाट्याने लिहू लागायची.

शेवटच्या दिवशी त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, लोसेचा नंबर आला.

"मेलेलं माणूस परत येतं का गं?"

"नाही. आत्या म्हणाली, आईचा मुका घे. मी कपाळाचा घेतला. गार होतं. तशी माणसं उठत नाहीत." मग ती हळूच म्हणाली, "बाबाला सांगू नका हं. तो अजून तिची उशी उन्हात घालतो."

सेमिसी मागेच उभा होता, हातात शहाळं घेऊन.

त्याने शहाळं खाली ठेवलं. "पुस्तकात काय लिहिलंय?"

"पाच वर्षांच्या मुलाला हे कळत नाही, असं."

"आणि चौतीस वर्षांच्या बापाला?"

"बापांबद्दल काही लिहिलेलं नाही."

तो खाली बसला आणि रडला. लोसे त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आकानेसीलाही हात पुढे करावासा वाटला... तिने केला नाही.

दुसऱ्या दिवशी तिची पेटी बोटीवर चढवून झाली, तरी तो हलेना.

"मे महिन्यात वर्ष होईल. तोवर मी दुखवट्याचे काळे कपडे घालणार. तेवढा तिचा हक्क आहे."

"आहेच."

"लोसे विचारत होती, तुम्ही परत याल का... नाही, मीच विचारतोय."

भोंगा वाजला. तिला त्याची घाई करायची नव्हती, आणि 'नाही' असंही म्हणायचं नव्हतं.

"मे महिन्यात बोट कोणत्या वारी येते?" तिने विचारलं.

"बुधवारी. आणि शनिवारी." तो म्हणाला. "दोन्ही दिवस मी इथेच असतो."