सकाळी घट्ट, दुपारी ढिली

"सरका! सरका!" मामा ओरडला.

मुलं सरकली खरी, पण कुऱ्हाडीचं पातं त्यांच्याहून चपळ निघालं. दांडा मामाच्या हातातच राहिला आणि पातं भिरभिरत जाऊन आचारीकाकांच्या बटाट्यांच्या टोपलीत घुसलं! टोपली आडवी झाली, बटाटे अंगणभर घरंगळले आणि आचारीकाका मटकन खाली बसले.

"एक बटाटा शहीद!" प्रोफेसर म्हणाला. हा मामाचा मुलगा. नाकावर चष्मा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत.

पण कोणी हसलं नाही. मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सकाळी मी स्वतः बघितली होती. घट्ट होती! रोज सकाळी घट्ट आणि दुपारी ढिली? खरं सांगा, कोणी हात लावला?"

सगळ्यांच्या नजरा टिटवीकडे वळल्या.

आनंद होवो, भीती वाटो की झुरळ दिसो, ती अशी काही किंचाळायची की टिटवी हेच नाव तिला चिकटलं होतं. सुट्टीला आल्यापासून तिनं मामाच्या मागे भुणभुण लावली होती, "एकदा कुऱ्हाड हातात दे ना!" मामाचं मुक्कामघर रानाच्या कडेला होतं. डोंगरात भटकायला येणारी माणसं तिथे उतरत आणि मामा त्यांना रानात घेऊन जाई. कुऱ्हाडीचा त्याचा एक पक्का नियम होता. देणाऱ्यानं विचारायचं, "धरली?" घेणाऱ्यानं "धरली" म्हटल्याशिवाय सोडायची नाही. टिटवीला नियम पाठ होता, पण तो शब्द म्हणायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"मी नाही लावला हात!" ती म्हणाली.

"मग कोणी लावला? कोणाच्या डोक्यात बसलं असतं म्हणजे? परवा तळ्यावर मुक्कामाला तू यायचं नाहीस. मामीजवळ राहायचं!"

टिटवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तळ्याकाठच्या तंबूची स्वप्नं ती वर्षभर बघत होती. पण तंबूपेक्षाही एक गोष्ट जास्त लागली. मामाला ती खोटारडी वाटली होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती किंचाळली नाही.

मागच्या अंगणात तिघांची बैठक बसली. तिसरा म्हणजे टिटवीचा धाकटा भाऊ, शेपूट. ताई जिथे जाईल तिथे तो मागे असायचाच. प्रोफेसर कुऱ्हाडीचे दोन्ही तुकडे जपून घेऊन आला होता.

"बघ, धार कशी चमकतेय!" शेपूट म्हणाला.

"तेच तर चुकतंय," टिटवी पुटपुटली. "चांगली धार उजेडात चमकत नाही. चमकते ती बोथट! आई पटाशी अशीच धरून बघते." टिटवीची आई सुतारकामाचा कारखाना चालवायची. टिटवी लहानाची मोठी झाली तीच लाकडाच्या भुशात लोळत.

"बोथट कशी असेल? बाबा तर आचारीकाकांना रोज सांगतात, कुऱ्हाड पाजवून ठेवा म्हणून!"

"पाजवून म्हणजे काय?" शेपटानं विचारलं.

"म्हणजे दगडावर घासून धार लावून, बावळटा!"

टिटवी तोवर दांडा न्याहाळत होती. पात्याच्या बाजूला त्यावर पाण्याचा डाग होता, चांगला वीतभर, अगदी सरळ रेघ मारल्यासारखा. "ही कशात तरी बुडत होती," ती हळूच म्हणाली. "उद्या पहाटे उठायचं!"

मामानं ठोकून ठोकून पातं बसवलं आणि कुऱ्हाड जागेवर टांगली. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत तिघं सरपणाच्या ढिगामागे दबा धरून बसली. दार करकरलं. आचारीकाका बाहेर आले, त्यांनी कोपऱ्यातल्या बादलीतून कुऱ्हाड उपसली, पंच्यानं पुसली आणि लाडानं विचारलं, "प्यायलीस ना पोटभर?" मग तिला खुंटीवर टांगून ते निघून गेले.

टिटवीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. प्रोफेसर उठायला लागला, तर तिनं त्याचा सदरा खेचला. "थांब! हे अर्धंच झालं. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, म्हणून सकाळी घट्ट. पण मग दुपारी ढिली कोण करतं?"

उत्तर जांभया देत आलं. मामा! त्यानं कुऱ्हाड हलवून पाहिली. "वा, घट्ट! पण दवानं भिजली वाटतं. गंज चढेल." आणि त्यानं ती खुशाल स्वयंपाकघरातल्या चुलीला टेकवून ठेवली.

हसू दाबता दाबता प्रोफेसरचा चष्मा सरपणात पडला.

न्याहारीच्या वेळी टिटवी ताठ उभी राहिली. "मामा, आज दुपारी कुऱ्हाड पुन्हा ढिली होणार!"

"तू केलीस तर होईलच की!"

"मग माझे हात मामीच्या ताब्यात! ढिली झाली तर मी तळ्यावर येणार. कबूल?"

"कबूल!"

मामीला लोकर गुंडाळायचीच होती. तिनं टिटवीच्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवली आणि गुंडा करायला बसली. दोघा पोरांना तिनं समोर वाटाणे सोलायला बसवलं. एक लड संपली की दुसरी! टिटवीचे खांदे भरून आले, नाकाला खाज सुटली. शेपटानं नाक खाजवून दिलं, पण त्याबद्दल जेवणातला आपला सगळा पालक तिच्या गळ्यात घातला.

दुपारी मामा आला. "पोरं जागची हललेली नाहीत हो. मी साक्षीदार!" मामी म्हणाली.

मामानं चुलीजवळची कुऱ्हाड उचलली आणि हलवली. खडखड, खडखड! पातं दात पडायला आल्यासारखं हलत होतं.

"लाकूड पाण्यानं फुगलं, शेकून आक्रसलं," टिटवी म्हणाली. "रोज फुगायचं नि पात्याच्या भोकात दबायचं! म्हणून रोज जास्तच ढिली!"

"पण पाणी पाजलं कोणी?"

आचारीकाकांच्या हातातला झारा थांबला. "साहेब, तुम्हीच नाही का सांगितलंत? रोज जाता जाता म्हणता, 'कुऱ्हाड पाजवून ठेवा!' मला वाटलं, असेल रानातली पद्धत. पहिल्या दिवशी वाटीनं पाजलं. मग म्हटलं, एवढ्याशानं तिचं काय होतंय, म्हणून बादली! धार लावा म्हणाला असतात, तर सुऱ्यांबरोबर लावली नसती का?"

मग मामीचा हसून हसून गुंडा सुटला. "छान! एकानं पाजलं, दुसऱ्यानं शेकलं! तान्ह्या बाळासारखी कोडकौतुकं केलीत की कुऱ्हाडीची! आणि बोलणी खाल्ली माझ्या पोरीनं!"

मामाचे कान लालबुंद झाले.

त्या दांड्यात आता राम उरला नव्हता. संध्याकाळी सगळी हत्यारांच्या दुकानात गेली. मामानं लगेच लालभडक, गुळगुळीत दांडा उचलला.

"हा नको!" टिटवी म्हणाली. "रंगाखाली लाकूड कसंय ते दिसणार कसं?" तिनं बिनरंगाचा एक दांडा निवडला. त्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावत होत्या. "आडव्या रेषांचा दांडा तिथेच मोडतो," ती म्हणाली आणि एक डोळा मिटून दांडा कुठे वाकलाय का ते तिनं बघून घेतलं.

"पोरगी पक्की आहे हो!" दुकानदार म्हणाला.

घरी मामानं कोरडी पाचर ठोकून पातं बसवलं. प्रोफेसर आणि शेपटानं दांड्याला जवसाचं तेल चोळलं, आणि थोडं एकमेकांनाही. आचारीकाकांनी दगडावर गोल गोल घासत अशी धार लावली की उजेडात ती दिसेचना!

निघायच्या दिवशी सकाळी पाठीवरच्या पिशव्या बांधून झाल्या. मामानं पात्यावर चामड्याचं म्यान चढवलं आणि सगळ्यांसमोर तो टिटवीकडे वळला.

"नीट न बघता मी तुला बोललो. चूक माझी होती. नीट बघितलंस ते तू. शाबास, पोरी!" त्यानं कुऱ्हाड पुढे केली. "तळ्यापर्यंत ही तुझ्याकडे. धरली?"

टिटवीनं दोन्ही हातांची मूठ दांड्यावर आवळली. दांडा हलका, कोरडा आणि तिच्या हाताला अगदी बेताचा होता.

"धरली!" ती म्हणाली.

मामानं हात सोडला. आणि मग दोन दिवस कोंडून ठेवलेली किंकाळी टिटवीनं अशी काही ठोकली, की झाडावरची पाखरं भर्रकन उडाली आणि आचारीकाकांची बटाट्यांची टोपली पुन्हा आडवी झाली!