हवालदाराची टाकी

बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर एक तरुण, डोक्यापासून खांद्यापर्यंत चिंब. बाहेर लख्ख ऊन होतं.

"तुमच्याकडे काही… फुटलंय का?" त्यानं अतिशय सभ्यपणे विचारलं. "मी खालच्या मजल्यावर राहतो. झोपलो होतो."

"फुटलं नाही. हवालदार चिडलेत."

तो दोन पावलं मागे सरकला.

हवालदार म्हणजे आमचा कॅटफिश. लांबी अडीच फूट, मिशा वेगळ्या. आईनं आणला तेव्हा बोटाएवढा होता. "टाकी बघूनच वाढतो हो हा," असं दुकानदारानं तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. हवालदारानं टाकी बघितली आणि दुर्लक्ष केलं. आता वळायचं झालं की त्याला अंगाची घडी घालावी लागे. शेपूट काचेवर आपटे, बादलीभर पाणी फरशीवर येई – आणि तिथून सभ्य माणसांच्या अंथरुणात.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाबा टाकीसमोरच्या खुर्चीत. उंबरा म्हणून ओलांडला नव्हता. माझ्याशी "हं" एवढंच बोलत, हवालदाराशी मात्र सविस्तर. त्याला भरवलं की मगच स्वतः दोन घास खात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मासा जपा." दुसरं औषध लिहून दिलं नव्हतं.

तरुण फरशी पुसू लागला. अगदी कोपऱ्यांसकट.

"छान पुसता," मी म्हटलं.

"पोटापाण्याचा धंदा आहे. इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करतो."

"मग तुमचा हात धरायचा तर आधी स्वतःचा उकळून घ्यावा लागत असेल?"

त्याचे कान लाल झाले. "अजून… कुणी विचारलंच नाही."

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. गळती असली तरी, नसली तरी. टाकीच्या अलीकडे मी, पलीकडे तो, मधून हवालदार वडीलधाऱ्यासारखा फिरणार.

"पाण्यातून तुझे डोळे केवढे मोठे दिसतात…"

"तुझं नाकही."

बाबा हवालदाराला म्हणत, "दोघंही वेडे आहेत रे." म्हणजे तब्येत बरी होती.

माझ्या वाढदिवसाला त्यानं भेट आणली. हिरव्या कापडात घट्ट बांधलेलं पुडकं, वर तारीख. आत आमच्या फिल्टरचे चारही स्पंज आणि टाकीतली वाळू! वर्षानुवर्षांचा तपकिरी चिकटा बसलेला हा ऐवज त्यानं सकाळीच, मी कामावर आणि बाबा अंघोळीला गेलेले बघून, गुपचूप नेला होता आणि इस्पितळाच्या वाफेच्या यंत्रातून दोनदा काढला होता. स्पंज इतके पांढरे, की पोटात शिवून टाकले असते तरी चाललं असतं.

"एक जंतू शिल्लक नाही," सगळं परत टाकीत बसवत तो म्हणाला. कुणी माझ्यासाठी एवढं केलं नव्हतं. मी त्याचा हात धरला… न उकळता.

तीन दिवसांनी मी चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून घरी आले, तर बाबा टाकीशी गुडघे टेकून बसलेले. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत पाण्यात. हवालदाराचं डोकं त्यांनी तळव्यावर तोलून वर धरलं होतं.

"घे रे श्वास," ते म्हणत होते. "घे ना."

दिवे लागायच्या सुमाराला त्यानं घेणं थांबवलं.

मी आत जाऊन माशांच्या दुकानात फोन लावला. तोवर खालच्या मजल्यावरून तोही वर आला होता. माझ्या शेजारीच उभा राहून ऐकत होता. "स्पंज धुतलेत का?" दुकानदार म्हणाला. "अहो, त्या घाणीतले जंतूच तर माशाच्या घाणीतलं विष खातात. ते मेले की मासा आपल्याच विषात…"

तो भिंतीसारखा पांढरा झाला.

"बाबांना वाटतंय वयानं गेला," मी कुजबुजले. "वाटू दे. तू बोलू नकोस. ते हाय खातील, आणि मग… त्यांनाही…"

पण तो बाबांपुढे जाऊन उभा राहिला. "काका, मी मारलं त्याला. स्वच्छ करायला गेलो…" पुढचं सगळं सांगितलं. काय चुकलं ते, यंत्राच्या तापमानासकट.

मी बाबांच्या छातीकडे बघत होते, हलतेय ना म्हणून.

"प्राणिसंग्रहालयवाले तळं द्यायला तयार होते त्याला," ते शेवटी म्हणाले. माशाशी नाही, त्याच्याशी. "मी नाही म्हटलं. मला सोबत हवी होती. मी दोन वर्षं मारत होतो, तू तीन दिवसांत आटोपलंस." मग माझ्याकडे वळून, "चादर आण. जुनी नको."

चादरीची डोक्याकडची टोकं माझ्या हातात, शेपटीकडची त्याच्या. जिना अरुंद. तो उलटा उतरत होता, रडत होता आणि ओझं मात्र अजिबात हलू देत नव्हता.

"माझं… तुझ्यावर प्रेम आहे," तो मधल्या वळणावर म्हणाला.

"आत्ता? हातात मयत आहे आपल्या!"

"हात मोकळे असते तर धीर झाला नसता."

"पायरी बघ."

"बघतोय. पण उत्तर…?"

"पायरी बघ म्हटलं ना! मला तू धडधाकट हवा आहेस. बराच काळ."

वर दार वाजलं. बाबा चपला घालून, खुरपं घेऊन बाहेर आले होते. कठड्याला धरून ते पहिली पायरी उतरले.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "मी सावकाश येतो."